अखंड ॲल्युमिनियममधून आरएक्स-१००चं हेड: घरच्या लेथवर, पहिल्या मापापासून पहिल्या किकपर्यंत

जुनं हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण, उपडं करून खिडकीपाशी धरलं की त्याचा सगळा इतिहास दिसतो. माझ्या हातातल्या हेडच्या कडेच्या पट्टीवर, एक्झॉस्टच्या अंगाला, सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ही नॉकिंगची, म्हणजे कडेचं मिश्रण आपोआप पेटण्याची, खूण. प्लगच्या भोकात कधीतरी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवलेली, तीही सैल झालेली. गळती थांबवायला तळ इतक्यांदा काचेवर घासलेला, की कॉम्प्रेशन नेमकं किती उरलंय हे कुणालाच सांगता आलं नसतं. गाडी वडिलांची, यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, आरएक्स-१००.

ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तोही ५० मिमी. आज तिची हेड बाजारात मिळतात, पण मी आणलेल्या एका हेडचं चेंबर बोअरच्या मध्यापासून जवळजवळ अर्धा मिमी सरकलेलं निघालं. एका बाजूला पट्टी रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. तेव्हा ठरवलं की ॲल्युमिनियमच्या अखंड गोळ्यातून हेड आपणच काढायचं. आजवर चार काढली. पहिलं भंगारात गेलं. ते का गेलं हे त्या टप्प्यावर सांगतो, कारण ती चूक करणं फार सोपं आहे.

टू-स्ट्रोकचं हेड घरी होण्यासारखं काम आहे. व्हॉल्व्ह नाहीत, गाइड-सीट नाहीत, ऑइलच्या वाटा नाहीत. फोर-स्ट्रोकचं हेड पहिल्यांदाच हातात घेऊ नका. पण टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे नुसतं झाकण, असंही समजू नका. इंजिनची तब्येत त्या झाकणाच्या आतल्या आकारावर आणि पिस्टनपासूनच्या एक मिमी अंतरावर अवलंबून असते.

काय लागतं

माझ्याकडे राजकोटचा जुना साडेचार फुटी लेथ आहे, सिंगल फेजवर चालणारा. मिलिंग नाही. चार जबड्यांचा चक (कापायचा तुकडा पकडणारा) मात्र हवाच. तीन जबड्यांच्या जुन्या चकवर भरवसा ठेवून हे काम करू नये. शिवाय उभं ड्रिलिंग मशीन, मॅग्नेटिक स्टँडसह डायल (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं गेज), व्हर्निअर, डेप्थ गेज, ०-२५चा मायक्रोमीटर, स्पार्क प्लगच्या मापाचा टॅप सेट आणि १० मिमी जाडीच्या काचेचा तुकडा. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून एक ब्युरेट आणा, नाही तर मोठी सिरिंज चालेल. हत्यारं मी मुंबईच्या नागदेवीतून आणतो, धातू कोल्हापुरात उद्यमनगरला मिळतो.

आधी इंजिन मोजा

लेथ सुरू करायच्या आधी दोन संध्याकाळी नुसत्या मापण्यात घालवा. हेड उतरवा, सिलिंडरचा माथा स्वच्छ करा, पिस्टन टीडीसीला, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेला, आणा. टीडीसी डोळ्यांनी ठरवू नका. पिस्टनच्या मध्यावर डायल टेकवून काटा जिथून परत फिरतो ती जागा धरा. मग ही मापं वहीत उतरवा:

बोअर नेमका किती. रीबोअर झालेला असेल, म्हणजे झिजल्यावर मोठा कापलेला असेल, तर ५० नसणार.
टीडीसीला पिस्टनच्या माथ्याची कड सिलिंडरच्या माथ्यापासून किती खाली.
हेड आणि सिलिंडरमधल्या पॅकिंगची जाडी. नवीन नव्हे, आवळून निघालेल्या पॅकिंगची. तांब्याचं असलं तरी आवळल्यावर ते थोडं दबतं.
पिस्टनच्या माथ्याचा उतार. कडेपासून ७ मिमी आतपर्यंत तो किती चढतो हे डायलनं बघा.
एक्झॉस्ट पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या धूर जायच्या भोकाची) वरची कड, टीडीसीच्या पिस्टन-कडेपासून किती खाली.
प्लगच्या आट्यांची लांबी. छोट्या प्लगची १२.७ मिमी, लांब प्लगची १९ मिमी.

पुढचं सगळं उदाहरण मी या मापांवर मांडतो: बोअर ५०, पिस्टनची कड ०.३ खाली, दबलेलं पॅकिंग ०.७, सात-सव्वासात मिमीत चढ ०.९, एक्झॉस्टची कड २९ खाली, छोटा प्लग. तुमचे आकडे वेगळे येतील. माझे उचलून कापायला बसू नका.

आकडेमोड, पण समजून

टू-स्ट्रोकच्या कागदावरचं कॉम्प्रेशन (वायू किती पट दाबला जातो तो आकडा) बघून लोक गोंधळतात. आरएक्स-१००चं ६.७ला १ असं दिलेलं असतं आणि वाटतं, एवढंच? जपानी कंपन्या हा आकडा एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यापासून मोजतात, पूर्ण स्ट्रोकवर नाही. पोर्ट उघडं असताना काहीच दाबलं जात नाही, त्यामुळे ही रीत योग्यच आहे.

५० मिमी बोअरचं क्षेत्रफळ १९.६३ चौरस सेंमी. त्याला २.९ सेंमीनं गुणलं की ५६.९ सीसी, एवढा वायू प्रत्यक्ष दाबला जातो. ६.७ हवं असेल तर ५६.९ भागिले ५.७, म्हणजे टीडीसीला वर उरलेली जागा १० सीसी. मी ७ला १ धरतो: ५६.९ भागिले ६, म्हणजे ९.५ सीसी. रोजच्या पेट्रोलवर, घाटात, दोघं बसून चालवायची गाडी आहे. याहून वर जायचा मोह आवरा.

आता स्क्विश. हेडच्या कडेची जी पट्टी पिस्टनच्या अगदी जवळ येते ती दोन कामं करते. शेवटच्या क्षणी तिथला वायू पिळून मध्यात प्लगकडे फेकते, आणि कडेला जो पातळ थर उरतो त्याला दोन्ही बाजूंच्या धातूनं थंड ठेवते. फट दीड मिमीच्या वर गेली की तो थर थंडही राहत नाही आणि मध्यातही येत नाही. तिथेच आपोआप पेट घेतो, आणि ते सुईटोचे पडतात. ५० मिमी बोअरला मी १ मिमी फट धरतो. ०.७च्या खाली गेलात तर इंजिन गरम असताना, वरच्या आरपीएमला, बेअरिंगच्या सैलपणामुळे पिस्टन हेडला टेकू शकतो.

पट्टीनं बोअरचं निम्मं क्षेत्रफळ व्यापावं. निम्म्या क्षेत्राच्या वर्तुळाचा व्यास ५० गुणिले ०.७०७, म्हणजे ३५.४ मिमी. तेवढं चेंबरचं तोंड, उरलेली ७.३ मिमीची पट्टी. माझ्या उदाहरणात ०.३ आणि ०.७ मिळून १ मिमी फट आपोआप येते, त्यामुळे पट्टी थेट तळापासूनच सुरू होते. तिला पिस्टनच्या उताराइतकाच उतार द्यायचा: ७.३ला ०.९, म्हणजे ७ अंश.

चेंबर म्हणजे उपडी वाटी. तोंड ३५.४ आणि खोली १३ असेल तर वाटीत ७.५५ सीसी मावतं, खोली १३.५ असेल तर ७.९३. स्क्विशची १ मिमी फट बोअरभर धरली तर १.९६ सीसी. वाटी १३ खोल ठेवली तर बेरीज ९.५ येते आणि आपण खूश होतो. पण पिस्टनच्या माथ्याचा मधला फुगवटा वाटीत घुसून जवळपास अर्धा सीसी खातो. म्हणून शेवटची खोली १३.५च्या आसपास येणार. तरी सुरुवात १३नेच करायची. कापलेला धातू परत लावता येत नाही.

धातू

एचई-३० मागा. हे दुकानातलं जुनं नाव. नव्या हिशेबात ६०८२, आणि टी६ टेंपरचा (उष्णता देऊन कडक केलेला) घ्या. ६०६१-टी६ मिळाला तरी उत्तम. दोन्ही उष्णता छान वाहून नेतात आणि स्वच्छ कापले जातात. ७०७५ जास्त मजबूत म्हणून कुणी गळ्यात मारू बघेल. हेडला तो नको. तापल्यावर त्याची ताकद झपाट्यानं उतरते आणि उष्णताही तो कमी वाहतो. भंगारातला, ग्रेड माहीत नसलेला तुकडा तर अजिबात नको. ११५ मिमी व्यासाचा, ५० मिमी लांब गोळा आणा. तयार हेडचा व्यास मी ११० ठेवतो, उंची ४४. त्याआधी टाकी आणि फ्रेमपासून जागा किती आहे हे पुठ्ठ्याची चकती लावून बघून घ्या.

पहिलं सेटिंग: प्लगची बाजू

या कामाचा एकच कणा आहे: ज्या गोष्टी एकमेकींशी मध्य राखून हव्यात त्या एकाच सेटिंगमध्ये कापायच्या. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमधून सुटला की मध्य हरवतो, आणि परत डायलनं शोधावा लागतो.

गोळा चार जबड्यांत १२ मिमी पकडा, डायल लावून फिरवा, फेस करा, म्हणजे समोरचं टोक सपाट कापा. मग बाहेरून ११२पर्यंत टर्न करा, जेवढी लांबी उघडी आहे तेवढी. वेगाचा हिशेब: मिनिटाला १०० मीटर धरला तर ११० व्यासाला साधारण २९० आरपीएम. ॲल्युमिनियमसाठी टूल धारदार आणि चकचकीत हवं; पोलादावर वापरलेलं बोथट टिप धातू कापत नाही, चोळतं, आणि मग टोकावर ॲल्युमिनियम चिकटून बसतं. कट घेताना ब्रशनं थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावत राहा. रॉकेल असताना जवळ ज्योत, विडी, ग्राइंडर काहीही नको. हातमोजे घालून लेथवर उभं राहू नका, आणि लांब निघालेली चिप हातानं ओढू नका. त्यासाठी तारेचा आकडा ठेवा.

आता मध्यात ड्रिल. आधी सेंटर ड्रिल, मग १०, मग १२.७५, आरपार. प्लगचे आटे एम १४ × १.२५, त्याला १२.७५चं भोक. त्यानंतर बोअरिंग बारनं ३२ मिमी व्यासाचा खड्डा, १८.३ खोल, प्लगचा पाना त्यात उतरला पाहिजे, तेव्हा पाना घालून बघा. खड्ड्याच्या तळाशी प्लगचं वायसर बसणार, म्हणून तिथे हलका फेसिंग कट, पूर्ण सपाट, चमकदार.

ही १८.३ कुठून आली? तळापासून पट्टीचा चढ ०.९, त्यापुढे १३.५ खोल वाटीत १२.१ मिमीवर प्लगचं भोक लागतं, त्यात प्लगचे १२.७. बेरीज २५.७. उंची ४४मधून वजा केले की १८.३. हा २५.७चा आकडा वहीत गोल करून ठेवा.

टॅप टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या लेथच्या टोकाच्या) सेंटरला टेकवून सरळ ठेवा आणि चक हातानं फिरवा, मोटर बंद. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तिन्ही टॅप क्रमानं. मधेच अडला तर जोर करू नका; काढा, चिप साफ करा, तेल लावा, परत घाला.

दुसरं सेटिंग: चेंबर

जॉब उलटा. टर्न केलेल्या भागावर जबडे येतात, म्हणून मधे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. आता डायल लावा आणि घाई करू नका. बाहेरच्या व्यासावर काटा ०.०२च्या आत आला की समोरच्या फेसला डायल लावू नका, तो अजून कापायचाय. मागची सपाट बाजू जबड्यांना किंवा पॅरलल पट्ट्यांना घट्ट टेकली आहे ना, हे बघा. मला याला कधी कधी अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाया जात नाही.

फेस करत ४४वर या. शेवटचे दोन कट पाव मिमीचे, टूल नव्यानं घासून. तळाची सपाटी इथेच ठरते.

नंतर कंपाउंड स्लाइड (टूल कोनात सरकवणारी) ७ अंशाला फिरवा आणि पट्टी कापा, ५०.५ व्यासापासून आत. बोअरपेक्षा अर्धा मिमी मोठी घेतो, कारण पॅकिंगची कड आणि बोअरची कड कधीच शंभर टक्के जुळत नाहीत.

वाटीसाठी बॉल टर्निंगचं अटॅचमेंट असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्याकडे नाही. मी टप्प्याटप्प्यानं कापतो: वाटीच्या तोंडापासूनची खोली आणि त्या खोलीवरचा व्यास. १३ मिमी खोल वाटीसाठी हे असे:

० वर ३५.४
३ वर ३२.९
६ वर २९.०
९ वर २३.०
११ वर १६.८

मधले टप्पे एक-एक मिमीचे हवेत. गोलाची त्रिज्या १८.५५ आणि तिचा मध्य वाटीच्या तोंडाबाहेर ५.५५ मिमीवर, एवढ्यावरून ते कागदावर काढता येतात. बोअरिंग बारनं प्रत्येक टप्पा व्यासाला ०.३ कमी ठेवून कापा. आत जिना तयार होईल. मग टोकाला २ मिमी त्रिज्या दिलेलं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) टूल घ्या आणि दोन्ही हातांनी, क्रॉस आणि लाँग स्लाइड एकदम फिरवत, जिन्याच्या कडा उतरवा. सोबत पत्र्यातून १८.५५ त्रिज्येचा साचा कापून ठेवलेला असतो. पायरीच्या टोकांवर मार्करची शाई लावायची, साचा टेकवून हलकेच फिरवायचा. जिथली शाई जाते तिथे धातू उंच आहे. परत दोन-चार फटके टूलचे, परत शाई. पहिल्या वेळी शाई पाच ठिकाणी रेषेरेषेनं जाते, मग पट्ट्या रुंद होत जातात, आणि शेवटी साचा फिरवला की सगळीकडून सारखी फिकट होते. शेवटी स्कॉचब्राइट. आरशासारखं पॉलिश करायची गरज नाही.

टोकदार कड मात्र कुठेही ठेवू नका. पट्टीची आतली कड आणि प्लगच्या भोकाची कड अर्ध्या मिमीनं गोल करा. धातूची पातळ धार इंजिनात तापून लाल होते आणि प्लगच्या आधी मिश्रण पेटवते.

आता ते पहिलं हेड. चेंबर झालं होतं, पण तळावर टूल थरथरल्याच्या लाटा उठल्या होत्या. त्या काढायला मी तळ दीड मिमी फेस केला, आणि कमी झालेलं आकारमान भरून काढायला वाटी तेवढीच खोल केली. सीसी बरोबर आलं, फट बरोबर आली. पण २५.७चा आकडा २४.२ झाला होता, आणि प्लगचा एक आटा चेंबरमध्ये उघडा पडला. आजऱ्यामार्गे आंबोलीच्या घाटात गाडी खडखडायला लागली. घरी येऊन उघडलं तर त्या आट्याची धार जळून पांढरी झालेली, आणि त्यावर बसलेल्या काजळीमुळे प्लग काढताना भोकाचे आटे ओरबाडून आले. म्हणून तळाला कट लावायचा तर आधी प्लग बसवून तो आत कुठवर येतो ते बघा.

स्टडची भोकं

चेंबर बोअरच्या नेमकं मध्यावर बसलं पाहिजे, आणि ते भोकांवर ठरतं. एक ठोकळा टर्न करा: एक टोक बोअरमध्ये सरकून बसणारं, ४९.९७, दुसरं टोक वाटीच्या तोंडात बसणारं, ३५.३. दोन्ही टोकं एकाच सेटिंगमध्ये. स्टड (हेड आवळायचे आटेदार खुंट) सिलिंडरच्याच आट्यांत असतील तर ते काढा आणि त्याच मापाचे बोल्ट कापून, लेथवर टोक काढून, दीड मिमी वर राहतील असे बसवा. स्टड आरपार खाली जात असतील तर सिलिंडर उतरवून खालून ट्रान्सफर पंच (भोकाचा मध्य उमटवणारा) घाला. ठोकळा बोअरमध्ये, त्यावर हेड, आणि लाकडी हातोडीनं एकच ठोका. चार ठिपके उमटतात.

भोक स्टडपेक्षा अर्धा मिमी मोठं. नट वरून ४४ मिमीवर बसणार नाहीत, स्टड तेवढे लांब नसतात. तेव्हा वरच्या बाजूनं काउंटरबोअर, म्हणजे रुंद खड्डा, करून खाली १२ मिमी जाड बूड ठेवायचं आणि नट त्यावर बसवायचे. काउंटरबोअरचा व्यास तुमच्या बॉक्स पान्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा १ मिमी जास्त.

तात्पुरतं बसवून बघा

फिन्स (हेड थंड ठेवणारे बाहेरचे पातळ पंख) कापायच्या आधी हे करायचं, कारण अजून दुरुस्ती शक्य आहे.

तळ काचेवर तपासा: काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा फेऱ्या. सगळीकडे सारखा मळकट रंग आला पाहिजे. मध्येच चमकदार बेट राहिलं तर तिथे खळगा आहे.

मग सोल्डर. दोन मिमीची सोल्डर तार घ्या, तिचे तुकडे पिस्टनच्या माथ्यावर ग्रीसच्या ठिपक्यानं चिकटवा, बोअरच्या भिंतीला टोक टेकलेलं. दोन तुकडे गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, डावीकडे-उजवीकडे. पिनला काटकोनात ठेवले तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. पॅकिंग घालून नट नेहमीच्या टॉर्कवर आवळा, किकनं नव्हे तर मॅग्नेटचा नट पान्यानं फिरवून टीडीसी ओलांडा. उघडा, तार मायक्रोमीटरनं मोजा: कडेला आणि सात मिमी आत. दोन्हीकडे १.० ते १.१ आणि आत-बाहेर फरक ०.१च्या आत, तर जमलं. बाहेर कमी आणि आत जास्त आलं तर पट्टीचा कोन पिस्टनपेक्षा जास्त झालाय. डावी-उजवी वेगळी आली तर आधी पॅकिंग आणि तळ तपासा, मग भोकांकडे संशय न्या.

आता सीसी. पिस्टनच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ लावा, म्हणजे तेल खाली झिरपणार नाही. हेड बसवा, टीडीसी, गाडी अशी कलवा की प्लगचं भोक सगळ्यात वर. ब्युरेटमधून पातळ तेल सोडा. शेवटचा सीसी थेंबाथेंबानं, आणि मधे थांबून गाडी हलकेच हलवा; वाटीच्या वळणाला एक बुडबुडा हमखास अडकून बसतो आणि तो निघाला की पातळी एकदम खाली जाते. तेल प्लगच्या बैठकीला पोचलं की आकडा घ्या आणि आट्यांच्या भोकाचे सुमारे १.८ सीसी वजा करा. मला पहिल्यांदा ९.१च्या आसपास मिळालं, अपेक्षेप्रमाणे. हेड परत चकमध्ये, परत डायल, वाटीचे सगळे टप्पे ०.२ आत, परत मोजणी. तिसऱ्या फेरीत ९.५ आलं.

एक पथ्य: मोजमाप जॉब थंड झाल्यावरच. ११० मिमीचं ॲल्युमिनियम ४० अंशांनी तापलं तर ०.१ मिमी वाढतं. हाताला कोमट लागतंय म्हणजे अजून थांबायचं.

फिन्स

फेसप्लेटवर (चकऐवजी लावायच्या सपाट तबकडीवर) एक जाड पोलादी चकती बसवा, तिला मध्यात ३५.३चा बुटका खुंट टर्न करा, आणि हेडची चारही भोकं वापरून ते तिच्यावर बोल्टनं आवळा. चेंबर खुंटावर बसतं, त्यामुळे मध्य पक्का. टेलस्टॉकचं फिरतं सेंटर प्लगच्या खड्ड्यात एक बुच बसवून टेकवा.

बाहेरून ११०. मग १२ मिमी बूड सोडून ५ मिमी खाच, ३ मिमी फिन, असं चार वेळा. बरोबर ४४वर संपतं. खाच किती खोल हे स्टडच्या जागेवर ठरतं. काउंटरबोअरमध्ये खाच घुसली की टूलला अधूनमधून ठोके बसतात आणि ते मोडतं. यावर उपाय म्हणजे काउंटरबोअरमध्ये ॲल्युमिनियमच्या दांड्याचे तुकडे हातोडीनं घट्ट बसवायचे आणि खाच त्यांच्या मध्यापलीकडे न्यायची नाही. काम झालं की तुकडे खालून ठोकून काढायचे.

३ मिमीचं पार्टिंग टूल (अरुंद खाच कापणारं), वेग निम्मा, रॉकेल सढळ हातानं. पाच मिमी आत गेलात की बाहेर काढा, बाजूला सरका, खाच रुंद करा, मग पुढचे पाच. एका दमात खोल गेलात तर चिप टूलच्या दोन्ही बाजूंना दाटते आणि टूल धरतं. फिन्सच्या कडा फाइलनं मोडून घ्या. तयार फिन ब्लेडसारखी कापते.

बसवणं आणि पहिले पन्नास किलोमीटर

सगळं हेड गरम साबणपाण्यानं धुवा, काउंटरबोअर आणि आटे ब्रशनं. एक चिप राहिली तर ती पिस्टनखाली जाणार. नवीन पॅकिंग, नट आडव्या-तिरप्या क्रमानं तीन टप्प्यांत, टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला. प्लग आधी बोटांनीच पूर्ण बसला पाहिजे. पान्यानं शेवटी २५ न्यूटन-मीटर.

पहिल्यांदा सुरू झाली की पाच मिनिटं रिकामी चालवा, हेड आणि सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघा. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, नट परत टॉर्कवर घ्या. असं तीनदा. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये मिश्रण पातळ पडतं, तेव्हा कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावूनच सुरुवात करा आणि प्लगचा रंग बघत खाली या. चढावर, टॉप गिअरला, अर्ध्या थ्रॉटलवर कान द्या. पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला तर लगेच थ्रॉटल सोडा आणि घरी येऊन आधी फट, मग सीसी, मग ठिणगीचं टायमिंग या क्रमानं तपासा.

पन्नास किलोमीटरनंतर मी हेड एकदा उतरवतोच. पट्टीवर काजळी जवळपास नसेल आणि वाटीत खाकी रंग सारखा पसरला असेल, तर स्क्विश काम करतंय. मापाची वही आणि पत्र्याचा साचा एका पिशवीत घालून लेथच्या खणात ठेवा. पुढचा रीबोअर झाला की बोअर बदलेल, आणि तेव्हा पट्टी नव्यानं कापायला हेच आकडे लागतील.